चुन्याखालचे डोळे

१

देवळात दिवा लावून आल्याशिवाय चुलीला फुंकर घालायची नाही, हा आंथूसाचा नेम. देऊळ तरी केवढं, चार माणसं आत उभी राहिली की पाचव्यानं दारात थांबावं एवढंच. तिच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि देवळाची उजवी भिंत एकच होती. अलीकडच्या अंगाला तिच्या कढया टांगलेल्या, पलीकडच्या अंगाला संत पांतेलेइमोन उभे. एका हातात औषधाची डबी, दुसऱ्या हातात लांब दांड्याची पळी. कॉन्स्टँटिनोपलच्या मोठमोठ्या देवळांतले संत सोन्याच्या तुकड्यांनी मढवलेले असतात, पण समुद्राकडच्या तटाला लागून असलेल्या या गल्लीतले संत साध्या रंगातले. बायका त्यांना नुसतं वैद्यबाबा म्हणायच्या.

गल्लीची रीत अशी, की घरात कुणी आजारी पडलं की वैद्यबाबांच्या झग्याचा रंग नखानं थोडासा खरवडायचा, पाण्यात कालवायचा आणि आजाऱ्याला पाजायचा. आज्या-पणज्यांपासून हे चालत आलेलं. त्यामुळे झग्याचा काठ पार उडून गेला होता आणि वैद्यबाबा गुडघ्यापर्यंत उघड्या गिलाव्यात उभे असल्यासारखे दिसत. नियम एकच होता. घ्यायचं ते पायाकडून घ्यायचं, तोंडाला हात लावायचा नाही.

तो नियम आंथूसानं मोडला होता.

गेल्या मोठ्या उपवासात तिच्या थेक्लाला ताप भरला आणि डोळे आले. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, आई कोमट पाण्याच्या बोळ्यानं हलक्या हातानं पुसायची आणि पोर डोळे मिटून, मान वर करून निमूट बसायची. पुढेपुढे पुसूनही डोळे उघडेनात. झग्याचा रंग पाजून झाला, काठापासून पार गुडघ्यापर्यंतचा. गुण येईना. तेव्हा एका दुपारी आंथूसा तिवई घेऊन गेली, वर चढली आणि वैद्यबाबांची दोन्ही बुबुळं नखानं खरवडून घेतली. डोळ्याला डोळाच लागतो, असं तिला वाटलं. “हिला दिसू दे,” ती म्हणाली, “तुमच्यापुढचा दिवा जन्मभर विझू देणार नाही.”

पाश्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाच्या सकाळी थेक्लानं डोळे उघडले. स्वच्छ, पाणीदार डोळे. डाव्या बुबुळात जन्मापासून एक काळा ठिपका होता, तिळाएवढा. तो तेवढा दिसेना. आजाराबरोबर गेला असेल, आंथूसानं मनाशी म्हटलं, आणि दिव्यात तेल जरा जास्तच घातलं.

भिंतीवर वैद्यबाबांच्या भुवयांखाली दोन करड्या खळग्या राहिल्या. शेजारची ग्रेगोरिया त्या बघून एवढंच म्हणाली, “ओल धरली असेल हो भिंतीनं. ओल बरोबर बघून बघून धरते.” आणि पुन्हा त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ग्रेगोरियाची जीभ विळीसारखी, पण कुठे थांबायचं ते तिला कळत असे.

उन्हाळ्यात एके दिवशी आंथूसा कांदे चिरत होती. कांदे जहाल होते, तिच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागलेल्या. थेक्ला समोर बसून, अगदी पाटावर वाकून, चिरलेल्या फोडी टोपलीत भरत होती. सगळं झाल्यावर आंथूसानं पदरानं तोंड पुसलं आणि लेकीकडे पाहिलं.

पोरीचे डोळे कोरडे ठक्क होते. सताड उघडे. आणि आंथूसाला आठवेना, की पाश्कापासून आजपर्यंत आपण हिची पापणी लवलेली कधी पाहिली आहे का.

२

आईचं मन वाईट असतं, ते एकदा टोचायला लागलं की थांबत नाही. आंथूसा बघत राहिली. चुलीचा धूर उलटला तरी पोर डोळे मिटत नसे. दुपारी निजली तरी पापण्या उघड्याच, श्वास मात्र संथ. सिसिनिओसला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, “माझी आत्यासुद्धा ससा होती. उघड्या डोळ्यांनी झोपायची. पोरगी बघते आहे ना? मग झालं तर.” तो गवंडी, गिलाव्याच्या कामातला. भिंत उभी आहे ना, मग झालं तर, अशीच त्याची रीत.

थेक्लाला एक नवी सवय लागली होती. ती कढयांखाली, भिंतीला पाठ टेकून बसायची, अगदी ताठ, आणि समोर बघत राहायची. समोर तर काय, पिठाचं मडकं आणि बंद खिडकी.

“काय बघतेस गं?”

“ग्रेगोरियामावशी रडतेय,” थेक्ला म्हणाली. “डोक्यावरून फडकं घेतलंय, पण मला दिसतंय.”

आंथूसानं हातातलं पीठ झटकलं आणि देवळाच्या दारात जाऊन पाहिलं. ग्रेगोरिया वैद्यबाबांपुढे गुडघ्यांवर बसली होती. फडकं डोक्यावरून.

भिंत एकच, आवाज येत असेल, हुंदका ऐकू आला असेल. आंथूसानं स्वतःची अशी समजूत घातली. समजूत अगदी बरोबर होती, फक्त पुन्हा घरात आल्यावर तिनं कान भिंतीला लावून पाहिला, तर काहीच ऐकू आलं नाही.

काही दिवसांनी थेक्ला तशीच बसल्या बसल्या म्हणाली, “आई, एक टकला माणूस आलाय. दिव्याकडे बघतच नाही. काठीनं भिंत मोजतोय.”

या वेळी आंथूसा धावतच गेली. दरबारचा माणूस होता, निळ्या अंगरख्यातला, घाम पुसायला टोपी काढलेला. ग्रेगोरिया दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. “माप कशाचं घेताय म्हणायचं, साहेब? झग्याचं की कफनाचं?” तिनं विचारलं. टकल्या हसला. गोड हसला. चुना किती लागेल ते बघतोय म्हणाला.

३

राजाज्ञा नगरीत सगळीकडे फिरत होती, ती आज ना उद्या या गल्लीत येणारच होती. माणसानं रंगवलेल्या लाकडा-भिंतींपुढे रोमी प्रजेनं माथा टेकू नये. भिंती पांढऱ्या करा. देवळाचे पाद्रीबुवा ऐनवेळी आजारी पडून बहिणीकडे खाडीपलीकडे निघून गेले. आणि भिंत पांढरी करायचं काम ज्याच्या गळ्यात पडलं तो गवंडी सिसिनिओस.

तो तिन्हीसांजेला घरी आला, हातपाय धुतले, मसुराच्या वाटीसमोर बसला आणि खाली मान घालून हे सांगितलं. नाही म्हटलं तर काय होतं, तेही सांगितलं. वरच्या आळीतल्या एकानं नाही म्हटलं होतं, त्याचा उजवा हात गेला.

“एका हातानं चुना कालवता येत नाही,” तो म्हणाला.

“मग दोन्ही हातांनी कालवा,” आंथूसा म्हणाली. “दोन्ही हातांनी कालवा आणि ज्यानं तुमच्या पोरीला डोळे दिले त्याच्याच तोंडाला फासा.”

“माझ्या पणज्यानं त्या भिंतीला गिलावा केलाय. ओल्या गिलाव्यावर चितारी रंग चढवत गेला आणि पणजा पुढे पुढे थापत गेला. मला काय आनंद होतोय?”

“आनंद होत नाही, मग हात कसा उचलवतो?”

त्यानं मसुरात भाकरी कुस्करली. मग हळूच म्हणाला, की जुनी भिंत टाकीनं टोचून खडबडीत केल्याशिवाय तिच्यावर नवा चुना धरत नाही. पाय, झगा, हात, सगळं टाकीनं टोचीन, कारण टकल्या समोर असेल. पण तोंडाला टाकी लावायची नाही. वरवर चुना फासायचा. मग पावसाळी वारा सुटला की तो पापुद्रा आपोआप गळून पडेल आणि वैद्यबाबा पुन्हा गल्लीकडे बघायला लागतील.

आंथूसाचा राग जरा निवला. माणूस भित्रा होता, वाईट नव्हता. म्हणून तिनं त्याला तेव्हा सांगून टाकलं, की तोंडाला हात तर आपला आधीच लागलाय, बुबुळं तर मीच खरवडून नेली.

सिसिनिओसनं घास हातातच धरला. “कुठली बुबुळं?”

“दिसल्या नाहीत का खळग्या? आज भिंत बघायला गेला होतात ना?”

“गेलो होतो. तोंड चांगलं निरखून पाहिलं,” तो म्हणाला. “डोळे आहेत की. मी आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत माझ्याकडेच बघत होते.”

ती उठली, तेलाची बुधली घेतली आणि देवळात गेली. दिवा तेवत होता. भुवयांखाली खळग्याच होत्या, करड्या, तिनं केल्या तशाच. नवऱ्यानं अंधारात काहीतरी पाहिलं असेल. ती वळणार, तेवढ्यात ज्योत हलली, आणि डाव्या खळगीत खोल कुठेतरी एक काळा ठिपका दिसला. तिळाएवढा.

काजळी, ती म्हणाली. दिव्याची काजळी असणार. पण बाहेर पडताना तिनं देवाकडे पाठ फिरवली नाही. भक्तीनं नव्हे. पाठ फिरवायचा धीर झाला नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळीच देवळाच्या अंगणात कळीचा चुना विझवायला घातला. खड्ड्यातून रटरट आवाज येत होता आणि वाफ गल्लीभर पसरली होती. आंथूसानं दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली. थेक्लाला मांडीवर ओढलं. पोर मात्र हट्टानं भिंतीलाच पाठ टेकून बसली.

टिक. टिक. टिक.

टाकी सुरू झाली. कढया आपसूक किणकिणायला लागल्या. आधी खाली, जमिनीलगत. मग गुडघ्यांच्या उंचीवर. आंथूसा त्या आवाजाबरोबर मनानं वर वर सरकत होती. आता पळी. आता औषधाची डबी. आता छाती. प्रत्येक टिकेला तिच्या मनात शिव्या उठत होत्या. टकल्याला, राजवाड्यात बसून लोकांच्या भिंती पांढऱ्या करणाऱ्याला, बहिणीकडे जाऊन निजलेल्या पाद्र्याला, आणि खरं सांगायचं तर भिंतीत नुसतं उभं राहून टाकी खाणाऱ्या वैद्यबाबांनाही. एवढं सगळ्यांचं बरं करता, मग एक हात उचलता येत नाही?

गळ्याशी येऊन टाकी थांबली.

“बाबांनी टाकी खाली ठेवली,” थेक्ला म्हणाली. “टकला माणूस काहीतरी बोलतोय. बाबा नाही म्हणताहेत.”

भिंतीपलीकडून कसलाच आवाज येत नव्हता.

“आता त्यानं बाबांचा हात धरलाय. उजवा.”

टिक. या वेळी आवाज वेगळा, बिचकत पडलेला. टिक. हनुवटी. गाल. कपाळ. थेक्लाचा चेहरा दर टिकेला आक्रसत होता, डोळे मात्र उघडेच्या उघडे. आंथूसानं तिचं तोंड छातीशी दाबून धरलं.

“डोळ्यांवर नको म्हणताहेत बाबा. तिथे आधीच खड्डे आहेत, तिथे चुना आपोआप बसेल म्हणताहेत.” मग पोर आईच्या मिठीतून मान सोडवून ताठ बसली. “बाबा अगदी माझ्यासमोर उभे आहेत, आई. रडताहेत. थापीवर काहीतरी पांढरं आहे.”

थप्प.

पाश्कापासून पहिल्यांदाच थेक्लाची पापणी लवली. एकदा. आणि उघडली तेव्हा दोन्ही बुबुळांवर पातळ पांढरी साय धरली होती, उकडलेल्या माशाच्या डोळ्यांसारखी.

“आग होतेय,” ती म्हणाली. “पण इथे नाही. तिकडे.”

आणि तिनं बोट भिंतीकडे केलं.

५

ऐन दुपार होती. माणसं अंगणात व्हिनेगरमधले हरभरे आणि भाकरी खात बसली होती. टकल्या सावलीत पाणी पीत होता. सिसिनिओस एकटाच, भाकरी न घेता, तटाकडे तोंड करून बसला होता. आंथूसा त्याच्या शेजारून गेली तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, नुसतं म्हणाली, “तुझ्या पोरीला तूच चुना लावलास.” लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं नवऱ्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं. तो उठून उभा राहिला, पण तोपर्यंत ती आत गेली होती.

भिंत पांढरीफेक. वैद्यबाबा कुठे होते ते परक्याला सांगूनही कळलं नसतं. दिवा मात्र जळत होता. कुणीतरी तो न विझवता, जपून कोपऱ्यात सरकवून ठेवला होता. नवस कुणाला ठाऊक होता ते तिला ठाऊक होतं, पण त्या वेळी तिच्या रागात माया शिरायला जागा नव्हती.

ती दिवा उचलून गवंड्यांच्या परांचीवर चढली. ओल्या चुन्याचा उष्ण वास नाकात गेला. डोळ्यांच्या उंचीवर पाहिलं तर बाकीचा चुना बसत आला होता, दोन जागी मात्र अजून लिबलिबीत होता. आणि त्या दोन जागा थरथरत होत्या. थांबून थांबून. आतून कुणीतरी काहीतरी उघडायला बघावं तशा.

वारा असेल, तिचं मन म्हणालं. वारा नव्हता.

गवंड्याच्या बायकोला एक गोष्ट सांगावी लागत नाही. चुना डोळ्यात गेला तर पाणी घालायचं नाही, तेल घालायचं. तिनं दिव्यातलं तेल बोटावर घेतलं. डाव्या जागेवरचा चुना बाजूला केला, पुन्हा तेल घेतलं, पुन्हा पुसलं, पोरीच्या पापण्या पुसायची तशी, आतल्या कोपऱ्यातून बाहेर. बोटाला काहीतरी मऊ लागलं. मऊ आणि गरम.

भिंतीत डोळा उघडला.

तांबूस, चिकटलेला, तापात असायचा तसा. बुबुळात तिळाएवढा ठिपका. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही, सरळ आईकडे पाहिलं.

एवढे दिवस तो इथे होता. ती रोज सकाळी त्याच्यासमोर तेल घालत होती, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेत होती, आणि तो बघत होता.

“माझ्या लेकीचे डोळे द्या,” आंथूसा दातओठ खाऊन म्हणाली. “तुमचे तुम्ही घ्या. असला गुण मी मागितला नव्हता.”

पण वैद्यबाबांकडून औषध न्यायची रीत एकच होती, आणि तीही तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खरवडायचं. नखानं. तिनं हात वर केला आणि तिचा हात थांबला, कारण आता तिथे नुसता वाळका रंग नव्हता.

डोळ्यानं ते नख पाहिलं. आणि सावकाश मिटला. सकाळी आई बोळा घेऊन आली की थेक्ला मिटून बसायची तसा, निमूट, आईवर भरवसा ठेवून.

आंथूसानं स्वतःचे डोळे मिटले आणि नख लावलं.

दुसऱ्या डोळ्याशी तिचा हात पोचतो न पोचतो तोच टकल्या दारात आला. “काय बाई, कफन उसवायला आलात?” तो हसत हसत म्हणाला, आणि ती बघत होती तिकडे त्यानं पाहिलं. उजव्या जागेवरचा चुना तेवढ्यात आतून फुगला, त्याला बारीकशी चीर गेली, आणि त्या चिरेतून काहीतरी ओलं चमकलं.

टकल्याचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं गवंड्याला हाक मारली नाही. स्वतःच्या हातानं, त्या निळ्या अंगरख्याच्या बाह्यांसकट, घमेल्यातला चुना उचलला आणि मान दुसरीकडे फिरवून भिंतीवर फेकत राहिला, थापत राहिला. त्याच संध्याकाळी देवळाच्या दाराला आडवी फळी ठोकली गेली.

आंथूसा मूठ आवळून घरी आली. नखाखालचं जे होतं ते तिनं वाटीभर पाण्यात कालवलं आणि त्याच्या रंगाकडे न बघता लेकीला पाजलं.

६

थेक्लाच्या डाव्या डोळ्यात तीळ परत आला. तो डोळा कांद्यानं झरतो, धुरानं मिटतो, झोपेत बंद होतो. पहिल्यांदा त्यातून पाणी आलं तेव्हा आंथूसा ते पुसायलाही तयार नव्हती. उजवा डोळा मात्र उघडाच असतो. सायीखालून कायम समोर बघणारा.

सिसिनिओस त्या दिवसापासून घरात फारसा बोलत नाही. रोज दमडीचं का होईना, चांगलं तेल घेऊन येतो आणि न बोलता बुधलीशेजारी ठेवतो. ग्रेगोरियानंही एकदा आपल्या घरची बुधली आणून ठेवली. “ओलीसाठी,” ती म्हणाली. देवळाचं दार बंद आहे, पण नवस दाराशी बोललेला नव्हता. आंथूसानं स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दोन कढया काढल्या आणि तिथे कोनाडा केला. वैद्यबाबांच्या बरोबर पाठीमागे. दिवा एक दिवसही विझलेला नाही.

“उजव्या डोळ्याला काय दिसतं गं?” ती अधूनमधून विचारायची.

“पांढरं,” थेक्ला म्हणायची. “नुसतं पांढरं.”

मग पावसाळी वारे सुटले, आणि एका संध्याकाळी दिवा लावताना कोनाड्यातली ज्योत थरथरली.

टिक.

आंथूसा तशीच उभी राहिली. टिक. टिक. कढया किणकिणल्या. सिसिनिओसनं चुलीपाशी बसल्या बसल्या मान वर केली. ओल आहे, तो पुटपुटला, खारा वारा लागला की चुना सुटतो, त्याचा आवाज. मग त्यानं आपल्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं. टाकी तिथेच होती, पिशवीत, त्याच्या पायाशी.

“फट पडलीय,” थेक्ला म्हणाली. ती भिंतीला पाठ टेकून बसली होती, डावा डोळा तळहातानं झाकून. “बारीकशी. त्यातून उजेड दिसतोय. आतून कुणीतरी टाकी लावतंय, आई. खूप रागावलंय ते.”

आंथूसा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. “कोण आहे? वैद्यबाबाच ना?”

पोरीनं जरा वेळ पाहिलं.

“ओळखू येत नाही,” ती म्हणाली. “तोंडभर टाकीचे घाव आहेत.”

टिक. टिक. आता आवाज खांद्याच्या उंचीवर आला होता. सिसिनिओस भिंतीपासून मागे सरकला. आंथूसाच्या अंगावर काटा उभा राहिला होता. तरी तिनं दिव्यात काठोकाठ तेल ओतलं. त्या भिंतीत तिच्या लेकीचा दुसरा डोळा अजून होता, आणि चुना फासणारे हात अजून नगरीभर मोकळे फिरत होते. मग तिनं तोंड भिंतीला लावलं, अगदी जवळ, कानात सांगावं तसं.

“जोरात,” ती म्हणाली. “अजून जोरात.”